अण्णा आणि इराबाईचा संसार

गावाकडून फोन आला तेव्हा माझ्या हातात लेकीची, इराची वेणी होती. एक घालून झाली होती, दुसरी अर्ध्यावर. शाळेची व्हॅन यायची वेळ झालेली, डबा ओट्यावर उघडाच, आणि सुनील, माझा नवरा, फर्स्ट शिफ्टला गेलेला. फोन त्याच्या चुलतभावाचा होता. "वहिनी, अण्णा गेले," तो म्हणाला. "काहीच झालं नव्हतं हो. सकाळी चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला, दारातल्या बाजेवर टेकले... माईनं हाक मारली तर ओ नाही." मी नुसतं "बरं" म्हणाले. फोन खाली ठेवला आणि इराची राहिलेली वेणी पूर्ण केली. रिबिनीचं फूल एका बाजूला कललं, तर सोडून पुन्हा बांधलं. मग तिला समोर बसवलं, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं. लेकराचं काम अर्ध्यावर टाकून उठायचं नाही, ही सवय आमच्या घराला ज्यांनी लावली त्यांच्याच जाण्याची बातमी अर्ध्या वेणीवर कशी सांगणार?

"आपले अण्णा?" इरानं विचारलं. मी मान हलवली. ती रडली, बराच वेळ रडली, आणि मध्येच थांबून म्हणाली, "मग आता माईला सकाळचा चहा कोण देणार?"

अण्णा म्हणजे माझे सासरे, किसनराव, आणि माई माझ्या सासूबाई. इराच्या प्रश्नात काय नवल आहे ते कळायला आधीचे अण्णा माहीत असायला हवेत. बीड जिल्ह्यातल्या एका गावचे. हयातभर त्यांनी बैलबाजारात दलाली केली. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा, घरी येणं पाहुण्यासारखं. उंचापुरा देह, भरघोस मिशा, डोक्यावर गुलाबी फेटा, आणि आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा बैल कान टवकारील. लग्न होऊन मी पहिल्यांदा गावी गेले तेव्हा ते ओसरीवर बसून फक्त "माई, पाणी" म्हणायचे आणि पाणी यायचं. ताट यायचं, ताट जायचं. ते उठून स्वयंपाकघरात गेलेले मी कधी पाहिले नव्हते. सुनीलही म्हणायचा की आपल्या घरात चूल कुठल्या भिंतीला आहे हे अण्णांना विचारलं तर त्यांना विचार करावा लागेल.

इरा दोन वर्षांची झाली आणि आमचं गणित कोसळलं. आम्ही मोशीला राहतो. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटी विभागात, सुनील भोसरीला, त्याच्या शिफ्टा फिरत्या. इराला सोसायटीतल्याच एका बाईंच्या पाळणाघरात ठेवत होतो. त्या लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या आणि पाळणाघर बंदच करून टाकलं. दुसरी जागा बघितली, तिथं इरा दिवसभर दाराजवळ चपला घालून बसून राहायची. माझी आई आकुर्डीला असते, पण अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आजीला सोडून तिला निघता येत नव्हतं. राहिल्या माई. पण माई गावात अंगणवाडी सेविका, आणि ती नोकरी त्यांच्या जिवाचा तुकडा. मी राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला होता, पाठवायचा तेवढा बाकी होता. लिहिताना किती वेळा थांबले असेन! ती नोकरी मी कुणाच्या ओळखीनं नाही, दोनदा मुलाखत देऊन मिळवली होती. फोनवर माईंना सगळं सांगताना रडू आलं. मग माई म्हणाल्या, "मेल का फेल, काय ते पाठवू नकोस. मी गावची लेकरं सांभाळते. आपलं एक लेकरू यांना सांभाळू दे. बाजार बंद केल्यापासून नुसते ओसरीवर बसून माश्या मारायलेत."

सुनील हसत सुटला. "अण्णा? ज्यांनी पाण्याचा तांब्या हातानं भरून घेतला नाही ते?"

पण अण्णा आले. ज्वारीचं पोतं खांद्यावर, हातात कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर तोच भाव, जो नव्या बाजारात पहिल्यांदा उतरताना असत असेल. इरानं त्या मिशा पाहिल्या आणि किंचाळून माझ्या ओढणीत शिरली. मी ओशाळून म्हटलं, "जा ना बाळा, आजोबा आहेत." अण्णांनी हात वर केला. "ढकलू नकोस तिला, पोरी. नवं वासरू दावणीला आलं की आपण त्याच्याजवळ जायचं नसतं. त्याला यायचं तेव्हा ते येतंय."

मी आठवडाभर रजा काढली होती, आणि त्या दिवसांत त्यांनी काय केलं, तर इराकडे पाठ करून बसले. खरंच. हॉलच्या फरशीवर मांडी घालून, तिच्याकडे पाठ करून, दुरडीतल्या भुईमुगाच्या शेंगा फोडत. तिला हाक मारायची नाही, खाऊ दाखवायचा नाही, बघायचंही नाही. इरा लांबून निरखायची. दुसऱ्या दिवशी थोडी जवळ. मग एका सकाळी मागून येऊन तिनं त्यांच्या फेट्याच्या शेमल्याला हळूच हात लावला. अण्णा ढिम्म. तिनं शेमला ओढला. फेटा सुटून खाली आला आणि अण्णा गंभीर आवाजात म्हणाले, "गेलं का राज्य आपलं!" इरा अशी खळखळून हसली की मी स्वयंपाकघरातून धावत आले. त्या दिवसापासून ती त्यांची इराबाई झाली. दोन वर्षांच्या पोरीला ते "अहो इराबाई" म्हणायचे आणि ती मान वाकडी करून "काय वो अण्णा" म्हणायची.

लेकरू जमलं, पण घर जमायचं होतं. माझी रजा संपली आणि अण्णांची परीक्षा सुरू झाली. कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा ते इराला काखोटीला मारून थेट जिन्यात जाऊन उभे राहिले. मग माईंनी गावाहून सूत्रं हाती घेतली. "फोन कुकरजवळ धरा. मला ऐकू द्या." अंगणवाडीतल्या लेकरांच्या गलक्यात माई शिट्ट्या मोजायच्या आणि तिथून ओरडायच्या, "आता बंद करा!" कपड्यांच्या मशीनमध्ये त्यांनी स्वतःचा गुलाबी फेटा माझ्या पांढऱ्या कुर्त्यांबरोबर टाकला. मी घरी आले तर सगळं बाल्कनीत वाळत होतं, गुलाबी. सुनीलचे बनियनसुद्धा. अण्णा अपराधी चेहऱ्यानं उभे, आणि इरा टाळ्या वाजवत सांगत होती, "आई, सगळे अण्णासारखे झाले!" त्या रात्री जेवताना सुनीलनं गुलाबी बनियन घातला होता आणि अण्णा त्याच्याकडे न बघता भाकरी मोडत होते. शेवटी कुणालाच राहवलं नाही. आम्ही इतके हसलो की शेजारच्या कांबळे ताईंनी भिंतीवर थाप मारून "काय झालं हो?" असं विचारलं.

हळूहळू त्यांचा आणि इराचा एक संसारच उभा राहिला. त्यात आमचा हात नव्हता. मी जी कामं इरा झोपल्यावर भराभर उरकायची, ती ते इरा जागी असताना, तिला घेऊन करायचे. तांदूळ धुवायचे तर तिचे हात आधी पातेल्यात. भाजी निवडायची तर काड्या तिच्या, पानं त्यांची. फरशी पुसताना तिला एक ओला फडका, आणि ती पुसायची तो कोपरा अण्णा पुन्हा पुसायचे नाहीत, तिच्या देखत तर नाहीच. कपडे वाळत घालणं हा सगळ्यात मोठा सोहळा. ती टोपलीतून एकेक चिमटा उचलून द्यायची, मध्येच चिमट्यांची आगगाडी करायची, मध्येच एखादा चिमटा अण्णांच्या मिशीला लावून बघायची. एकदा मला घरूनच काम करायचं होतं. लॅपटॉपवरून मान वर करून बघते तर सकाळपासून सुरू झालेले कपडे जेवणाची वेळ झाली तरी संपले नव्हते. न राहवून म्हटलं, "अण्णा, एवढा वेळ कपड्यांना?"

"कपड्याला कुठं वेळ लागायलाय?" ते म्हणाले. "कपडे कवाच झाले असते. वेळ इराबाईला लागायलाय. आन् तिला लागू दे की. आपल्याला कुठं गाठायचंय?"

मला गाठायचं होतं हो... मला मीटिंग गाठायची होती, कंपनीची बस गाठायची होती, भाजी गाठायची होती. पण ते वाक्य घरात राहिलं. पुढं कधी इरा बुटाच्या नाडीशी झटत बसली आणि माझा हात तिच्या हातातून नाडी हिसकायला निघाला की ते आठवायचं. दर वेळी हात थांबलाच असं नाही. पण बऱ्याचदा थांबला.

जेवण भरवण्याची त्यांची तऱ्हा मात्र मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. बैलबाजारात दलाल भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात, म्हणजे आजूबाजूच्यांना आकडा कळत नाही. अण्णा हा सौदा इराशी करायचे, घासांचा. मांडीवर पंचा पसरायचे, खाली दोघांचे हात. अण्णा तिची चार बोटं दाबायचे. ती डोळे मोठे करून नकार द्यायची आणि त्यांचं एक बोट दाबायची. "काय बोलायलीस इराबाई, एवढ्यात आपलं दुकान चालत नाही." मग रुसवा, मग मनधरणी, मग दोन बोटं, आणि सौदा तुटला, म्हणजे बाजारच्या भाषेत पक्का झाला, की दोघं हातावर हात मारून टाळी द्यायचे. ठरलेले घास ती इमानेइतबारे खायची. खाऊन झाल्यावर बऱ्याचदा स्वतःच आणखी एक मागायची, तेव्हा अण्णा मला डोळा घालायचे. मी रोज ज्या घासांसाठी मोबाइलवर गाणी लावायची, ते हे असे विनासायास पोटात जात होते. माझा थोडा जळफळाटही व्हायचा, नाही असं नाही.

पण अण्णा म्हणजे शांतीचा पुतळा होते असं कुणी समजू नये. एकदा त्यांचा तोल गेला. पावसाळ्यातली दुपार. कपडे वाळेनात म्हणून हॉलभर दोऱ्या बांधलेल्या. अण्णांनी नुकतीच फरशी पुसली होती, तव्यावर भाकरी होती, तेवढ्यात दाराशी गॅसवाला आला. ते दाराकडे गेले आणि इरानं ज्वारीच्या पिठाचा डबा फरशीवर उपडा केला. वर तांब्याभर पाणी ओतलं. अण्णा वळून बघतात तर पोरगी कोपरापर्यंत पिठात, आणि पाठीमागे तव्यावरची भाकरी कोळसा झालेली. तेव्हा त्यांचा तो बाजारातला आवाज फुटला. "इरा!" एवढंच. इराबाई नाही, अहो नाही. गॅसवाला सिलेंडर ठेवून पैसे न घेताच दोन पायऱ्या खाली उतरला, म्हणे. इराचा रडण्याचा आवाजसुद्धा आला नाही. ती पलंगाखाली शिरली आणि बाहेर येईना.

मी कंपनीतून आले तर अण्णा दारातच उभे. मला आत जाऊ देईनात. "आधी ऐक, मग आत ये," ते म्हणाले. "आज मी लेकरावर वरडलो. हात नाही उगारला. पर आवाज लागला तिला." बाजारात माणसांचे शब्द झेललेला तो दांडगा माणूस, आणि डोळे भरलेले. मी विचारलं, "मग आता कुठंय ती?" "झोपली. पलंगाखालीच. मी पण तिथंच पडून होतो, बाहेरच्या बाजूनं. मी म्हणलो, इराबाई, अण्णा तापले होते. चूक तुझी होती का माझी ते मागनं बघू, पर तापले अण्णा. तिनं आतून बोट बाहेर काढलं. एकच." त्यांनी पंच्यानं डोळे पुसले. "मी एका बोटावर सौदा तोडला."

तेव्हापासून त्यांनी एक रीत पाडली. चिडचिड व्हायला लागली की मोठ्यानं जाहीर करायचे, "इराबाई, अण्णा तापायलेत. गार होऊन येतो." बाल्कनीत जायचे, तोंडावर पाणी मारायचे, खाली रस्त्यावरच्या गाड्या बघत उभे राहायचे आणि परत यायचे. इरा शांतपणे वाट बघायची. आणि मग एका सकाळी, माझी बस चुकायला आलेली, इराचा एक मोजा सापडत नव्हता, आणि मी तोंडाचा पट्टा सुरू केलेला... इरा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आई, तू तापलीस. गार होऊन ये." मी बाल्कनीत गेले. काय करणार? मोजा कपड्यांच्या दोरीवर होता.

त्याच दिवसांत अण्णांचे बाजारातले जुने जोडीदार, नामदेवराव, डोळे दाखवायला पुण्याला आले आणि आमच्याकडे उतरले. रविवार होता, सगळे घरात. अण्णा सिंकपाशी भांडी घासत होते, स्टुलावर उभी राहून इरा वाट्या विसळत होती. नामदेवराव दारातच थबकले. "किसनराव! हे काय बघायलो मी? सुनंनं कामाला लावलं का तुम्हाला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांनी मागं वळूनही बघितलं नाही. "सुनंनं नाही, नातीनं लावलंय," ते म्हणाले. "बसा. चहा घ्या. कप मातर विसळायला इराबाईच्या हातात द्या, नाही तर त्या रागावतात."

नामदेवराव दुपारपर्यंत बसले. जाईपर्यंत इरानं त्यांच्याकडून लसूण सोलून घेतला होता. ते गेले आणि सुनील बाल्कनीत अण्णांजवळ गेला. मी आत कणीक मळत होते, मला सगळं ऐकू येत होतं. "अण्णा, त्यांच्यासमोर तरी नको होतं. गावभर सांगतील."

"सांगू दे." आणि मग अण्णांचा आवाज, नेहमीपेक्षा खालचा. "सुनील, तू चालायला कवा लागलास?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"मला पण ठाऊक नाही. तेच म्हणतोय. मी बाजाराला गेलो तवा तू रांगत होतास. परत आलो तर दारात उभा, चौकटीला धरून. माईला इचारलं, कवा लागला? ती म्हणली, झाले की दिवस. तू पहिला शब्द काय बोललास, तेही मला माईनंच सांगितलं. तुला ताप आलेला मला ताप उतरल्यावर कळायचा. तवा मला त्याचं काही वाटलं नाही बघ. बापानं बाहेर असावं, असंच होतं. आता या पोरीनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं चप्पल घातली, उलटी घातली, ती मी बघितली. भांडे घासायलो म्हणून बघायला मिळाली." मग म्हणाले, "तू पण बघ. शिफ्ट काय, चालूच राहती."

पुढच्या आठवड्यात सुनीलची सेकंड शिफ्ट होती, सकाळ मोकळी. पहिल्याच दिवशी तो उठून म्हणाला, "इराची आंघोळ मी घालतो." आंघोळ झाली, बाथरूमचं तळं झालं, आणि दोघंही ओलेचिंब बाहेर आले. मग त्यानं स्वयंपाकाचा नाद घेतला. त्याची पहिली वांग्याची भाजी सगळ्यांच्या ताटात वाढली गेली. पहिला घास घेऊन आम्ही सगळे अण्णांकडे बघू लागलो. अण्णांनी सावकाश चावून गिळलं आणि निर्णय दिला, "मीठ बरोबर हाय. भाजी कमी पडली."

आज आमच्या घरी सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळचा स्वयंपाक सुनीलचा असतो आणि भाजी मिठाला पुरते. माझ्या नोकरीचं म्हणाल तर तो मेल मी पाठवलाच नाही. पुढं मला बढती मिळाली तेव्हा अण्णांनी सोसायटीच्या वॉचमनपासून कांबळे ताईंपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. काय बढती ते त्यांना नीट सांगता येत नव्हतं. ते एवढंच सांगायचे, "आमची ज्योती पास नाही म्हणली तर कंपनीतनं एक पार्ट बाहेर जात नाही."

इरा मोठ्या शाळेत जायला लागली, दुपारनंतर घरी यायला लागली, आणि अण्णा अस्वस्थ दिसू लागले. सकाळभर रिकाम्या घरात करमेना. माईंचेही गुडघे बोलायला लागले होते. शाळेतून आल्यावर इराला बघायचं कांबळे ताईंनी कबूल केलं होतं, तेव्हा एक दिवस तेच म्हणाले, "आता तिकडं जातो. माईनं लई वर्षं पाणी आणून दिलं." त्यांना गावच्या एसटीत बसवून दिलं तेव्हा इरा रडली नाही. त्यांनी खिडकीतून पंचा बाहेर धरला, खाली हात घातला, आणि तिनं वर हात करून, चवड्यांवर उभं राहून, काहीतरी सौदा केला. काय ठरलं ते दोघांनीही सांगितलं नाही. दर सुट्टीला आम्ही गावी जायचो, आणि व्हिडिओ कॉल तर रोजचाच. गेल्या सुट्टीत मी ओसरीवर बसले होते. आतून अण्णांनी चहाचे कप आणले. आधी माईंना दिला, मग मला. माईंनी न बघता घेतला, जसा एके काळी अण्णा तांब्या घ्यायचे. मला हसू आलं. माईंनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही." तीच आमची शेवटची भेट.

तेराव्याला गाव लोटलं होतं. बाजारातली माणसं आली, नामदेवराव आले. मोठाल्या पागोट्यांची माणसं ओसरीवर बसून अण्णांच्या सौद्यांच्या गोष्टी सांगत होती, आणि त्यात मध्येच कुणीतरी त्यांच्या कुकरची गोष्ट सांगायचं. माईंनी ती सगळीकडे पसरवली होती. दुखवट्याच्या घरात लोक तोंडावर उपरणं धरून हसत होते. मला वाटतं, अण्णांना ते आवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही माईंना म्हटलं, आता चला मोशीला. माई म्हणाल्या, "आन् माझी अंगणवाडी?" विषय संपला. उलट त्यांनीच आम्हाला सकाळी तिकडे नेलं. "तुम्हाला एक दाखवायचंय," एवढंच म्हणाल्या.

एका खोलीची अंगणवाडी. कमरेइतक्या उंचीपर्यंत हिरवा रंग, वर फळांची आणि प्राण्यांची चित्रं, कोपऱ्यात खिचडीचं पातेलं. दाराच्या आतच एक प्लास्टिकची खुर्ची होती, पाय करवतीनं कापून बुटकी केलेली. माईंनी सांगितलं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. गावी परत आल्यावर अण्णा रोज सकाळी माईंबरोबर इथं यायचे. नवीन आलेली, आईचा पदर सोडून आलेली लेकरं ऊर फुटेस्तोवर रडतात, त्यांच्याजवळ बसायला. गुडघे दुमडून खाली बसणं जमेना तेव्हा घरची खुर्ची आणली आणि स्वतःच पाय कापले, लेकरांच्या उंचीला येईल इतके. पहिल्यांदा कापली तेव्हा ती एका बाजूला कलली, म्हणून पुन्हा कापली, मग दुसऱ्या बाजूला कलली... शेवटी इतकी बुटकी झाली की त्यांना बसता येई, उठायला मात्र माई लागायच्या. "लोक हसायचे आधी," माई म्हणाल्या. "मग गावच्या सुना स्वतः विचारायला लागल्या, अण्णा आलेत का आज?"

सुनील त्या खुर्चीकडे बघत उभा होता. त्यानं खाली वाकून तिच्या कापलेल्या पायांवरून हात फिरवला, कडा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या, आणि तो झटकन बाहेर गेला.

एवढ्यात एक बाई आपल्या छोट्या मुलीला दारात सोडून, मागं न बघता, निघून गेली. पोरीनं भोकाड पसरलं. नाक वाहतंय, फ्रॉकचं एक बटण तुटलेलं, नि आवाज तर असा की अण्णांनीसुद्धा दाद दिली असती. माईंनी तिला उचललं नाही, समजावलं नाही. नुसतं खुर्चीकडे बोट केलं. ती पोर रडतरडत गेली, खुर्चीवर चढली, दोन्ही हात दोन बाजूंना टेकवून ऐसपैस बसली आणि पुन्हा सुरू झाली.

"या खुर्चीत बसलं की गप्प होतात का?" मी हळूच विचारलं.

"छे गं," माई पातेल्यावरचं झाकण काढत म्हणाल्या. "गप्प कुठलं? पण बसून रडतात."